भरती नसलेल्या घराचं वेळापत्रक

आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी इतका गाळ साचलाय, की भरतीशिवाय मोठी होडी बाहेर काढणं कठीण. त्यामुळे इथल्या तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, दिवस तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते आणि तिच्यामागून घरातली झोप-जेवणंही सरकतात.

परवा चतुर्थीच्या संध्याकाळी, सव्वासातला, किनाऱ्यावरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक दिसलं. न लुकलुकणारा ठळक ठिपका समुद्रावरून वर चढत आला. शेजारी जाळं शिवत बसलेल्या तांडेलकाकांना सांगितलं, त्यात माणसं राहतात. त्यांनी विचारलं, "वर भरती नाय, ओहोटी नाय. मग टायम कोन ठरवतं?"

प्रश्न नेमका होता. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून स्थानक साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं, म्हणजे तिथे दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो. म्हणून स्थानकाचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावलेलं असतं. सकाळी सहाला उठायचं, रात्री साडेनऊला झोपायचं. आम्ही वर पाहत होतो तेव्हा तिथे दुपारचे पावणेदोन वाजले होते आणि कामं चालू असणार.

ही कामं जमिनीवरचे नियोजक मांडून देतात. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक अंतराळवीराची एक आडवी पट्टी असते. तिच्यात प्रयोग, दुरुस्ती, जेवण, व्यायाम असे रंगीत चौकोन, काही तर पाच-पाच मिनिटांचे. त्यांच्यावरून एक लाल रेघ डावीकडून उजवीकडे सरकत असते. ती म्हणजे 'आत्ता'. काम रेंगाळलं तरी रेघ थांबत नाही. सकाळ-संध्याकाळ नियंत्रण केंद्रांशी बोलणं होतं, आणि शनिवारी घर झाडतो तशी स्थानकाची साफसफाई.

व्यायामाला तयारी धरून रोज सुमारे अडीच तास राखलेले असतात. वजन नसल्यामुळे कंबर आणि पायांच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घटू शकते, म्हणून ट्रेडमिलवर लवचिक पट्ट्यांनी स्वतःला खाली ओढून बांधून धावायचं. झोपायला कपाटाएवढी खोली, भिंतीला बांधलेली झोपण्याची पिशवी आणि सतत फिरणारी हवा. तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही. वारा थांबला तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचून राहील.

पण माणसाला पट्टीत किती कोंबायचं? याचं उत्तर नासाला स्कायलॅब या अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ स्थानकावर मिळालं. नोव्हेंबर १९७३ मध्ये जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग ८४ दिवसांसाठी वर गेले. तिघांचीही ही पहिलीच अंतराळवारी, आणि वेळापत्रक मात्र आधीच्या तुकडीच्या सरावलेल्या वेगाने आखलेलं. कामं मागे पडली, चुका झाल्या, विश्रांतीचे दिवसही त्यातच गेले. डिसेंबरअखेर त्यांनी जमिनीवरच्या लोकांशी मोकळेपणाने बोलून घेतलं. मग जेवण आणि विश्रांतीच्या वेळा मोकळ्या सोडल्या, किरकोळ कामांची यादी देऊन 'सवडीने करा' म्हटलं, आणि कामाचा वेग सुधारला. मला अंतराळातल्या मोठमोठ्या शोधांइतकीच ही गोष्ट मोलाची वाटते.

घड्याळ कायम पक्कंच असतं असंही नाही. एखादं यान अवेळी येणार असेल, तर स्थानकावरच्या माणसांची झोपेची वेळ पुढेमागे करतात. हे ऐकून काका हसले. "म्हंजे त्यांना पन भरती हाय की."

ठिपका तोवर पूर्वेकडे उतरत होता. तो पृथ्वीच्या सावलीत शिरला आणि डोंगराला टेकायच्या आधीच विझला. काकांनी विचारलं, ही माणसं झोपणार कधी? त्यांचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन. काकांनी जाळं गुंडाळलं. तीनलाच त्यांना होडी बाहेर काढायची होती.