डासांची फवारणी फक्त डासांनाच मारते का?

‘धुरळणीचं औषध फक्त डासांवर चालतं, इतर जिवांना काही होत नाही,’ असा संदेश अनेक वर्षं फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

धुरळणीत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. ते मज्जातंतूंमधल्या सोडियम वाहिन्या (संदेश पुढे नेणारी सूक्ष्म दारं) बंद होऊ देत नाही, त्यामुळे कीटक लुळा पडतो. या वाहिन्या मधमाशी, फुलपाखरू, चतुर अशा सगळ्याच कीटकांत असतात. औषध डास ओळखत नाही. मात्रा कमी असल्याने चिलटं, छोटे पतंग आधी मरतात. मोठे कीटक पुष्कळदा वाचतात. पक्ष्यांना आणि बहुतेक सस्तन प्राण्यांना धोका कमी, पण याच गटातलं पर्मेथ्रिन मांजरांना बाधतं. सर्वांत जास्त फटका मासे आणि पाण्यातल्या किड्यांना बसतो. तळ्यावर धूर मारला तर डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि चतुराची पिल्लंच मरतात, म्हणजे डासांचं फावतं. मत्स्यटाकी झाका, हवेचा पंपही तेवढा वेळ बंद ठेवा; तो औषध आत ओढतो.

बीटीआय या जिवाणूचं अळीनाशक मात्र बरंच नेमकं आहे: ते डास, काळी माशी आणि त्यांच्या काही जवळच्या माश्यांच्या अळ्यांवरच चालतं.

पडताळायचं असेल तर डब्यावरचा सक्रिय घटक वाचा. नाव ‘थ्रिन’ने संपत असेल तर ते बहुधा पायरेथ्रॉइड. फवारणीआधी झुडपाखाली पांढरी चादर अंथरा आणि सकाळी त्यावर डासांखेरीज काय पडलंय ते मोजा. फवारणी नसलेल्या रात्रीही एकदा मोजा, नाहीतर तुलना होणार नाही.