मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज? नाही!

पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्तातले इअरफोन घ्यायला गेलात की हमखास ऐकू येतं, "14 एमएमचा ड्रायव्हर आहे, बेस जबरदस्त!" ड्रायव्हर मोठा तेवढा आवाज चांगला, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो चुकीचा आहे.

ड्रायव्हर म्हणजे आत थरथरणारा पडदा. कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनमध्ये त्याला कानाच्या नळीतली चिमूटभर हवाच हलवायची असते. 6 ते 10 मिमी त्याला पुरतात. बेस पळतो तो कान आणि इअरफोनमधल्या फटीतून. करून बघा: गाणं लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. डग्गा एकदम भरून आला, तर रबरी टोक तुमच्या कानाला लहान पडतंय. खोक्यात बहुतेकदा लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन जोड्या असतात. लोक मधली वापरतात, बाकीच्या खोक्यासकट कचऱ्यात! फार वाईट वाटतं. डाव्या-उजव्या कानाला वेगळा आकारही लागू शकतो. टोक नीट बसलं की कान दुखणंही बरंच कमी होतं.

'20 ते 20,000 हर्ट्झ'लाही (किती खालचे-वरचे सूर वाजतात ते सांगणारा आकडा) भाळू नका, तो जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो. 500-700 रुपयांत मी तरी वायरचाच घेईन. त्यात बॅटरी-ब्लूटूथचे वाचलेले पैसे आवाजाला लागतात.