डोळे येणे (जिवाणूजन्य) आणि प्रतिजैविक थेंब

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतून असलेल्या पातळ आवरणाला, म्हणजे नेत्रश्लेष्मलेला, जिवाणूंमुळे आलेली सूज. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा हे तिचे नेहमीचे जिवाणू. विदर्भात ‘डोये आले’ म्हटले की विषाणूंचा आजारही त्यातच धरला जातो. उपचारातली गल्लत इथूनच सुरू होते.

पावसाळ्यात शाळा-आश्रमशाळांतून पसरणारी साथ बहुतेक वेळा विषाणूंची असते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर आलेली साथही तशीच होती. तिच्यात डोळ्यांतून पाणी गळते, कधी कानापुढे दुखरी गाठ येते, सर्दी-घसा सोबतीला असतो. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाहीत. जिवाणूंच्या आजारात पिवळसर, घट्ट पू येतो, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात आणि पुसले तरी थोड्या वेळाने पुन्हा चिपडे जमतात. सौम्य आजार सात ते दहा दिवसांत आपोआपही बरा होतो. थेंबांमुळे तो लवकर आटोक्यात येतो.

मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.५ टक्के असल्यास साधारणपणे एकेक थेंब दिवसातून तीनदा, सात दिवस. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ०.३ टक्के असल्यास पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन तासांनी एक थेंब, पुढचे पाच दिवस दर चार तासांनी. औषध कोणते आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली उतरली की बाटली फळीवर जाते, ही नेहमीची चूक. उरलेले जिवाणू पुन्हा वाढतात.

टाकण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवलेल्या मेडिकलमधल्या कापसाने चिपडे पुसावीत, दर वेळी नवा बोळा घ्यावा. घरचा वेचलेला कापूस वापरू नये. त्यात कचरा आणि फवारणीचा अंश असतो. खांद्यावरच्या दुपट्ट्यानेही डोळा पुसू नये. बऱ्याच बाटल्यांचे टोक बंद असते: टोपण घट्ट फिरवले की त्यातला काटा टोकाला भोक पाडतो. टाचणीने पाडलेले भोक मोठे होते, थेंब जास्त पडतो आणि आत घाणही जाते. मान मागे टाकून खालची पापणी ओढावी, तयार झालेल्या खोबणीत एक थेंब सोडावा. टोक पापणीला किंवा केसांना लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे दाबून धरावा. तो न दाबल्यास औषध अश्रुनलिकेतून घशात उतरते, म्हणून कडू लागते. खोबणीत एका थेंबाहून जास्त मावत नाही, दुसरा गालावरच वाहतो. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, मलम शेवटी. रडणाऱ्या लेकराला उताणे निजवून मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवावा. डोळा उघडताच तो आत जातो.

एका बाटलीवर सगळे घर चालवू नये. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा बाटली पत्र्याखालच्या खिडकीत न ठेवता डब्यात घालून माठाच्या गारव्याला ठेवावी. काही औषधांना फ्रीज लागतो, खोक्यावर पाहावे. उघडल्यापासून महिन्याभराने उरलेले औषध फेकावे.

सर्वात मोठा धोका स्टेरॉइड, म्हणजे सूज-लाली दाबणारे औषध, मिसळलेल्या थेंबांचा. नावाला ‘डी’ जोडलेले असेल तर त्यात बहुधा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असते. लाली लगेच ओसरते, म्हणून ते मागून नेले जाते. पण सोयाबीनचे कुटार, धानाचे पाते किंवा पऱ्हाटीचे धसकट डोळ्याला लागून पारपटलावर, म्हणजे काळ्या भागावरच्या पारदर्शक पडद्यावर, बुरशीची जखम झाली असेल, तर हेच थेंब ती भराभर वाढवतात. कापणी-मळणीच्या दिवसांत लाल डोळ्याच्या रुग्णाला काही लागले का, हे आधी विचारलेच पाहिजे. फवारणीचे औषध डोळ्यात उडाले असेल तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. मध, आईचे दूध किंवा हळदीचे पाणी कोणत्याही लाल डोळ्यात घालू नये.

कळा येणे, उजेड सहन न होणे, अंधूक दिसणे, काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसणे किंवा थेंब सुरू करून दोन-तीन दिवसांत उतार न पडणे, यांपैकी काहीही असल्यास नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जावे. अठ्ठावीस दिवसांच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल तर आशाताईंना कळवून त्याच दिवशी न्यावे. प्रसूतीवेळी आईकडून आलेला गोनोकॉकस (परम्याचा जिवाणू) एक-दोन दिवसांत पारपटलाला भोक पाडू शकतो, आणि तिथे नुसते थेंब पुरत नाहीत, इंजेक्शन लागते.