अल्पाईनवर मेल : सेटिंग कसं करायचं आणि अडलं तर आधी काय बघायचं

आमच्याकडून लिनक्स टाकून घेतलेल्या मशीनसोबत हे पत्रक देतो. जुने कमी रॅमवाले डेस्कटॉप वापरणारे, ऑफिसचा सर्व्हर पुट्टीने (विंडोजवरून दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्राम) उघडून त्यावरच मेल बघणारे, स्क्रीन रीडरवर काम करणारे, आणि ज्यांना ब्राउझरमधला मेल उघडायची वाट बघून कंटाळा आलाय असे सगळे यात आले. अल्पाईन हा निव्वळ अक्षरांवर चालणारा मेल प्रोग्राम आहे, माऊस लागत नाही, चित्रं दिसत नाहीत, पण उघडतो क्षणात आणि नेट रडतखडत चालत असलं तरी काम भागतं. आणि मेलमधली बाहेरची चित्रं तो आपणहून ओढत नाही त्यामुळे जाहिरातवाल्यांना तुम्ही मेल कधी उघडला ते चित्रावरून कळत नाही, हा फायदा फुकटात.

अमेरिकेत सिॲटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधे १९८९ साली पाईन नावाचा प्रोग्राम सुरू झाला, अल्पाईन हा त्याचाच पुढचा अवतार, १.० आवृत्ती २००७ च्या शेवटी आली. अपाचे लायसन्सवर आहे, म्हणजे प्रोग्रामचे पैसे नाहीत, आम्ही घेतो ते बसवून द्यायचे. नॅनो एडिटर वापरला असेल तर हात आधीच बसलेला आहे, कारण नॅनो पाईनमधल्या पिको या एडिटरच्याच धर्तीवर लिहिलाय.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. स्क्रीनच्या तळाला दोन ओळी कमांडच्या असतात, त्यांच्या लगेच वर, म्हणजे खालून तिसऱ्या ओळीत, अल्पाईन काय बिनसलं ते सांगतो. आम्हाला येणाऱ्या फोनमधे "मेल चालत नाही" एवढंच असतं आणि उत्तर त्या ओळीत आधीच लिहिलेलं असतं. ओळ निघून गेली तरी हरकत नाही, मेन मेनूवर येऊन जे हे बटण दाबा, जर्नल उघडतं, त्यात मागचे मेसेज ओळीने मिळतात.

सेटिंग

मेन मेनूत एस म्हणजे सेटअप, मग सी म्हणजे कॉन्फिग. लांबलचक यादी येते, घाबरू नका, त्यातल्या पाच-सहा ओळींशीच आपला संबंध. या पत्रकात सगळं मराठीत छापलंय पण मशीनवर सर्व्हरची नावं, आकडे, सगळं इंग्रजीतच टाईप करायचं.

पर्सनल नेममधे तुमचं नाव. युजर डोमेनमधे ॲट चिन्हाच्या पुढचा भाग. आता इथे एक गंमत आहे, अल्पाईन ॲटच्या अलीकडचा भाग लिनक्सच्या लॉगिनमधून उचलतो, म्हणजे मशीनवर तुमचं लॉगिन "ऑफिस" असेल आणि मेलचा पत्ता वेगळाच असेल तर पाठवणाऱ्याच्या जागी ऑफिस ॲट अमुकतमुक असं जातं. जीमेलचा सर्व्हर ते स्वतःच बदलून घेतो म्हणून लक्षात येत नाही, पण स्वतःच्या डोमेनवर मेल असणाऱ्यांचा मेल सरळ परत येतो आणि मग वाटतं समोरच्याचा पत्ता चुकला. यावर उपाय म्हणजे त्याच यादीत कस्टमाइज्ड हेडर्स शोधा आणि तिथे फ्रॉम, कोलन, पुढे नाव आणि टोकदार कंसात पूर्ण पत्ता असं एकदाच लिहून ठेवा.

इनबॉक्स पाथ नीट लिहायचा, सगळ्यात जास्त घोटाळे इथेच. महिरपी कंस उघडा, सर्व्हरचं नाव लिहा, जीमेल असेल तर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, तिरकी रेघ, एसएसएल, पुन्हा तिरकी रेघ, युजर बरोबर तुमचा पूर्ण पत्ता, महिरपी कंस बंद, आणि त्याला चिकटून कॅपिटलमधे इनबॉक्स. मधे कुठेही स्पेस नाही. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, उलटी नव्हे. एसएसएल (कनेक्शन कुलूपबंद करायची पद्धत) लिहिलं की अल्पाईन आपणहून ९९३ पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, जातो, पोर्ट वेगळा द्यायची गरज नाही.

एसएमटीपी सर्व्हरच्या, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या, ओळीत महिरपी कंस नको, नुसतं एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, कोलन, ५८७, तिरकी रेघ, टीएलएस, तिरकी रेघ, युजर बरोबर पत्ता. जुन्या गाईडमधे २५ पोर्ट दिलेला असतो, तो नको, बरेच इंटरनेटवाले तो बंदच ठेवतात. इनबॉक्स दिसतोय पण मेल जात नाही अशी तक्रार असेल तर बघायची ती हीच ओळ, कारण येणाऱ्या मेलचा रस्ता वेगळा आणि जाणाऱ्याचा वेगळा, एक चालला म्हणून दुसरा चालेलच असं नाही.

डीफॉल्ट एफसीसी म्हणजे पाठवलेल्या मेलची कॉपी कुठे ठेवायची ते. जीमेल ती स्वतःच ठेवतं, त्यामुळे इथे पण जीमेलचा सेंट फोल्डर दिलात तर एकेक मेल दोनदा दिसेल. जीमेलवाल्यांनी इथे फक्त रिकामं दुहेरी अवतरण चिन्ह टाका. बाकीच्यांनी आपल्या सर्व्हरवरचा सेंट फोल्डर द्या.

बाहेर पडताना ई, मग बदल सेव्ह करू का विचारलं की वाय. हे सगळं होम फोल्डरमधल्या डॉट पाईनआरसी या फाईलमधे जातं, ती एक साधी टेक्स्ट फाईल आहे, तिची कॉपी पेनड्राईव्हवर ठेवलीत तर मशीन बदललं तरी पुन्हा हे सगळं करायला नको.

पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही

आमचे अर्धे फोन याचेच. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही, गुगलने ३० मे २०२२ पासून असे प्रोग्राम साध्या पासवर्डवर आत घेणं बंद करायला सुरुवात केली. त्यासाठी गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि मग ॲप पासवर्ड बनवायचा. १६ अक्षरं मिळतात, चार-चारच्या गटात दिसतात, टाईप करताना मधल्या जागा सोडायच्या नाहीत. खालच्या ओळीत "ॲप्लिकेशन स्पेसिफिक पासवर्ड रिक्वायर्ड" आलं तर तुम्ही नेहमीचाच पासवर्ड टाकलाय. "इन्व्हॅलिड क्रेडेन्शियल्स" आलं तर १६ अक्षरांत काहीतरी चुकलंय, किंवा ॲप पासवर्ड रद्द झालाय. आणि हे रद्द होणं लोकांच्या लक्षात येत नाही, तुम्ही किंवा घरातल्या कोणी मोबाईलवरून गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे सगळे ॲप पासवर्ड त्याच क्षणी बाद, नवीन बनवावा लागतो. काल चालत होता आज चालत नाही म्हणणाऱ्यांना आम्ही आधी हाच प्रश्न विचारतो.

आउटलुक आणि हॉटमेलच्या घरगुती खात्यांचं आणखी कडक आहे, १६ सप्टेंबर २०२४ पासून तिथे साधा पासवर्ड चालत नाही, ओऑथ नावाची पद्धत लागते, ब्राउझरमधून परवानगी देऊन टोकन घ्यायचं. अल्पाईनच्या नव्या आवृत्त्यांना ते जमतं पण सेटिंग किचकट आहे, मशीन घेऊन या, आम्ही करून देतो.

दरवेळी पासवर्ड विचारतो हा बिघाड नाही, अल्पाईनची मूळ सवयच ती. साठवून ठेवायची सोय आहे, एका मास्टर पासवर्डने कुलूप लावून, पण ज्या मशीनवर तीन-चार जणं बसतात तिथे आम्ही मुद्दाम ती चालू करून देत नाही.

मराठी मेल

बटणं दाबतो आणि काहीच होत नाही, खाली "कमांड नॉट डिफाइन्ड" येतं, असं झालं तर कीबोर्ड मराठीवर राहिलाय. इन्स्क्रिप्टवर सी दाबलं की म जातो, डी दाबलं की हलंत जातो, क्यू दाबलं की औची मात्रा, अल्पाईन बिचारा काय करणार. कीबोर्ड इंग्रजीवर आणा, मजकूर लिहायच्या वेळी मराठीवर न्या, आणि कंट्रोल एक्स दाबून पाठवायच्या आधी परत इंग्रजीवर, कारण कंट्रोलच्या कमांड मराठी लेआउटवर काही टर्मिनलमधे (अल्पाईन ज्या अक्षरांच्या खिडकीत चालतो ती) चालतात काहींमधे नाही.

आलेला मेल वाचता येत नाही याचे चार प्रकार आहेत आणि चारींचं कारण वेगळं. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर टर्मिनलचं लोकेल, म्हणजे भाषेचं आणि अक्षरांचं सेटिंग, बिघडलंय, टर्मिनलमधे लोकेल असं टाईप करून लँगची ओळ बघा, तिच्या शेवटी यूटीएफ-८ पाहिजे. पुट्टीवरून येणाऱ्यांनी विंडोमधल्या ट्रान्सलेशनमधे जाऊन तिथेही यूटीएफ-८ निवडलंय ना बघायचं. चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, देवनागरी फॉन्ट टाकला की झालं. टोप्या आणि टिंबं घातलेली रोमन अक्षरं, एकेका मराठी अक्षराजागी तीन-तीन अशी, म्हणजे यूटीएफ-८ मधला मजकूर कोणीतरी भलत्याच कॅरेक्टर सेटमधे वाचलाय (देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मधे तीन बाईटचं असतं, म्हणून तीन). आपल्याकडे लोकेल ठीक असेल आणि बाकी मराठी मेल नीट दिसत असतील तर गडबड पाठवणाऱ्याकडे.

चौथा प्रकार आपल्या महाराष्ट्रातला खास. छापखान्यातून, जुन्या संस्थांच्या ऑफिसातून मेल येतो आणि त्यात इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण असलं काहीतरी असतं. तो मजकूर श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधे टाईप केलेला असतो, तिथे खरी मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा असतो आणि साध्या मेलमधून फॉन्ट काही येत नाही. अल्पाईनमधे कितीही सेटिंग बदललंत तरी हे सुधारणार नाही. जुन्या फॉन्टचं खऱ्या मराठी अक्षरांत रूपांतर करणाऱ्या युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, नाहीतर पाठवणाऱ्याला सरळ सांगा की पीडीएफ पाठव.

वेलांटी बाजूला पडणं, जोडाक्षर सुटं दिसणं, कर्सर एक घर पुढेमागे उभा राहणं, हे टर्मिनलचं दुखणं आहे, पाठवलेला मेल समोर नीटच पोचतो. आम्ही मशीनवर कॉन्सोल हे टर्मिनल टाकून देतो, त्यात त्यातल्या त्यात बरं दिसतं. मराठीत लांब पत्र लिहायचं असेल तर आमचं मत, दुसऱ्या एडिटरमधे लिहा, टेक्स्ट फाईल म्हणून सेव्ह करा आणि मेलच्या मजकुरात कंट्रोल आर दाबून ती आत घ्या, कर्सरशी झटापट कशाला.

डिलीट केलेलं जातं कुठे

साध्या सर्व्हरवर डी म्हणजे नुसती खूण, यू दाबलं की खूण निघते, आणि एक्स दाबलं किंवा बाहेर पडताना एक्सपंज (कायमचं पुसणं) करू का याला वाय म्हटलं की मगच मेल जातो. जीमेलचं तसं नाही, तिथे डी दाबताच मेल इनबॉक्समधून गायब होऊ शकतो आणि यू दाबायलाही वेळ मिळत नाही, पण तो पुसला गेलेला नसतो, ऑल मेल या फोल्डरमधे जाऊन बसतो. म्हणून घाबरून फोन करायच्या आधी ऑल मेल बघा. याचीच दुसरी बाजू म्हणजे महिनाभर डिलीट करूनही १५ जीबीतली जागा रिकामी होत नाही. जागा हवी असेल तर एसने तो मेल जीमेलच्या ट्रॅश फोल्डरमधे सेव्ह करा. आणि हो, जीमेलची भाषा मराठी ठेवली असेल तर या खास फोल्डरांची नावंही सर्व्हरवर मराठीत होतात, मग पाईनआरसीत इंग्रजी नाव लिहिलेला फोल्डर सापडत नाही. भाषा इंग्रजी ठेवा, कटकट मिटते.

अटॅचमेंट पाठवायला हेडरमधे, म्हणजे वरच्या पत्ता-विषयाच्या ओळींत, कंट्रोल जे, आलेली उतरवायला मेलमधे व्ही आणि मग एस. जीमेलची मर्यादा २५ एमबी म्हणतात पण मेलमधे जाताना फाईल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे १८ एमबीच्या वर गेलात की परत येणार असंच धरून चाला.

कनेक्शन

सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) तक्रार आली की पहिल्यांदा मशीनची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला असतो, लाईट गेली की तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते, आणि त्या तारखेला सर्व्हरचं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसतं. सेल बदला, तारीख लावा, संपलं. नेटवर शोधलंत तर पाथमधे नोव्हॅलिडेट सर्ट असा शब्द टाका म्हणून सल्ला मिळेल, चालतोही तो, पण मग समोर खरा सर्व्हर आहे की मधलाच कोणी हे तपासणंच बंद होतं आणि पासवर्ड भलत्याच्या हातात जाऊ शकतो. आम्ही तो टाकून देत नाही, कोणी टाकलेला दिसला तर काढतो.

तारीख बरोबर आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी नुसतं कनेक्ट होत बसलंय? मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर चाललं तर तुमच्या ऑफिसच्या, हॉस्टेलच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कमधे ९९३ किंवा ५८७ बंद आहे, तिथल्या नेटवर्कवाल्याला सांगावं लागेल. हॉटस्पॉटवरही नाही चाललं तर सेटिंग बघू. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप कनेक्शन (सर्व्हरवरचा मेल वाचायची) देतं, मोबाईल, टॅब, तीन कॉम्प्युटर सगळीकडे तेच खातं उघडं असेल तर ते पण भरतात.

"सेशन नाऊ रीड ओन्ली" हे सर्व्हरवरच मेल असणाऱ्यांना दिसतं, म्हणजे तुमचाच अल्पाईन दुसऱ्या खिडकीत उघडा आहे. जुनी खिडकी बंद करा.

पुट्टीवर लिहिता लिहिता लाईन तुटली तर परत लॉगिन करून सी दाबा, "कंटिन्यू इंटरप्टेड कंपोझिशन" असं विचारतो, वाय म्हणा, मजकूर परत येतो. तरीपण पावसाळ्यात लाईट लपंडाव करायला लागली की मधेमधे कंट्रोल ओ दाबून मेल पोस्टपोन करत जा.

फोन करताना जर्नलच्या स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढून पाठवा, आणि त्याआधी गावात लाईट, नेट, दोन्ही आहे ना बघा. पाईनआरसीची फाईल पाठवली तरी चालेल, पासवर्ड मात्र कोणालाच पाठवू नका, आम्हालासुद्धा नको, आम्ही तो कधी मागत नाही. लागलाच तर रिमोटवर तुम्ही स्वतः टाईप करायचा. बसवून दिल्यापासून सहा महिने फोनवरच्या मदतीचे पैसे नाहीत, आउटलुकचं ओऑथ आणि जुने मेल हलवणं यात येत नाही, त्याचं आधी बोलून घ्या.