काळीचा रंग वरून दिसतो, खोली दिसत नाही

सातबाऱ्यावर ‘आकार’ नावाचा एक रकाना असतो. त्यातला रुपये-पैशांचा आकडा आज फारसं कुणी वाचत नाही, पण त्यामागे जमिनीची प्रतबंदी, म्हणजे मातीच्या कसावरून लावलेली प्रत आहे. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी सुरू केली आणि त्यातून मुंबई इलाख्याची पद्धत घडत गेली. प्रतबंदीचा कारकून शेतात जाई, खणून मातीची खोली ‘हात’ (साधारण दीड फूट) या मापानं मोजी, रंग-पोत बघे. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी म्हणजे सोळा आणे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं असा दोष दिसला की प्रत उतरे. हे सगळं शेतसारा ठरवण्यासाठी चाललं होतं, शेतकऱ्याच्या भल्यासाठी नव्हे. तरी मातीची पारख खणूनच होते, हे त्या पद्धतीनं बरोबर ओळखलं होतं.

उपग्रहांच्या नकाशांची गोष्ट मला याच खोलीपासून सांगावीशी वाटते.

आकाशातून पाहण्याची सुरुवात विमानातून काढलेल्या छायाचित्रांनी झाली. ती वाचायला शिकवणारी संस्था १९६६ मध्ये देहरादूनला उभी राहिली. १९७० मध्ये शास्त्रज्ञ प्रा. पिशारोटी यांनी केरळातल्या रोगट माडांची अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातली) छायाचित्रं हेलिकॉप्टरमधून घेतली. भारतातल्या सुदूर संवेदनाचा, म्हणजे लांबून जमीन टिपण्याचा, तो पहिला प्रयोग मानला जातो. जुलै १९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह उडाला. एका चित्रात १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा मावायचा, पण त्यातला प्रत्येक ठिपका जमिनीवर साधारण ८० मीटरचा. एवढ्या ठिपक्यात आपल्याकडचं एखादं अख्खं शेत बुडून जातं.

नागपूरला १९७६ मध्ये राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो स्थापन झाला. १९८६ च्या सुमारास या संस्थेनं राज्याराज्यांचे मृदा नकाशे १:२,५०,००० प्रमाणावर करायला घेतले. मार्च १९८८ मध्ये आपला स्वतःचा आयआरएस-१ए उपग्रह बैकानूरहून सोडला गेला. मोठ्या कागदावर छापलेलं उपग्रहचित्र प्रकाशाच्या टेबलावर पसरायचं आणि डोळ्यांनी वाचायचं, अशी तेव्हाची रीत होती. त्या चित्रात उभं पीक लाल दिसतं, उघडी भारी काळी गडद निळसर, आणि वर मीठ फुललेली जमीन पांढरी. रंग, पोत, नद्या-नाल्यांची ठेवण आणि डोंगरउतार पाहून सीमारेषा आखल्या जात.

त्या रेषेच्या आत नेमकी कोणती माती आहे, हे मात्र चित्र सांगत नाही. कारण उपग्रहाला दिसतो तो मातीचा अगदी वरचा पापुद्रा. सेंद्रिय द्रव्य आणि ओल वाढली की तो काळवंडतो, लोह असलं की तांबूस दिसतो. एप्रिल-मेमध्ये रान नांगरून मोकळं असतं तेव्हाच तो नीट दिसतो. पावसाळ्यात वर ढग आणि खाली पीक. म्हणून दर दहा किलोमीटरला माणसं प्रत्यक्ष उतरली. माणसाच्या छातीइतका खड्डा, त्याच्या उभ्या भिंतीवर सुरीनं थर मोकळे केलेले. ढेकळावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले की चुनखडीची माती फसफसते. ओली माती बोटांत दाबून फीत काढली की चिकणमाती किती ते कळतं. भारी काळीत खाली गेलं की मातीचे तुकडे एकमेकांवर घासून गुळगुळीत, चकचकीत झालेले दिसतात. उन्हाळ्यात भेगाळणं आणि पावसात फुगणं यांची ती खूण असते. हे कुठल्याही चित्रात येत नाही.

चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेल्या जमिनीनं तर उपग्रहालाही चकवलंय. करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या सहभागानं तयार झालेल्या नकाशांनुसार देशात क्षारपड जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर आहे. गंगेच्या मैदानात ती पांढरी उठून दिसते. आपल्या काळ्या मातीत सोडियम वाढला तरी वर पांढरा थर येईलच असं नाही. जमीन काळीच दिसते आणि आतून बिघडलेली असते. कालव्याखालच्या शेतकऱ्यासाठी ही फार मोठी उणीव आहे असं मला वाटतं.

१:२,५०,००० च्या नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ६२५ हेक्टर. जिल्ह्याच्या नियोजनाला तो चालतो, बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या कामाचा नाही. पुढे २००३ च्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरपर्यंत आला आणि २००५ च्या कार्टोसॅट-१ उपग्रहानं जमिनीचे चढउतार दाखवले. मग नागपूरच्या संस्थेनं १:१०,००० चं काम हाती घेतलं, जिथे तोच चौरस एक हेक्टरचा होतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर ठिपक्याची चित्रं २०१५ पासून फुकट मिळतात. अनेक वर्षांच्या चित्रांतून फक्त उघड्या मातीचे ठिपके वेचून संगणक आता मधल्या जागा भरतो, पण शिकतो खड्ड्यांच्या नोंदींवरूनच. जिथे खड्डे विरळ, तिथे त्याचा अंदाजही कच्चा.

जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह उडाला. त्याचं रडार ढगांतून पाहतं आणि १२ दिवसांनी त्याच जागी परत येतं, त्यामुळे भर पावसाळ्यातही मातीतली ओल टिपता येईल. ओल्या मातीत त्याच्या लहरी काही सेंटिमीटरच शिरतात. पावणेदोन हातांची खोली आजही खणूनच मोजतात.