शील्डेड कनेक्टर मागवण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अँटेनावर दूरदर्शन बघायचो त्या काळात घरासमोरून एखादी स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांची रांग उमटायची. स्पार्क प्लगच्या ठिणगीतून निघालेला गोंगाट थेट अँटेनात शिरायचा. आज तुमच्या कंट्रोल पॅनलमध्ये तेच होतं. ठिणगीचं काम मोटरचा ड्राइव्ह (तिचा वेग सांभाळणारं युनिट) करतो आणि अँटेनाचं काम बोर्डाला लावलेली केबल.

"ड्राइव्ह चालू केला की एनकोडरचे (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे उड्या मारतात", "युनिट गोंगाटाच्या टेस्टिंगला नापास झालं" असे फोन आम्हाला नेहमी येतात. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : "शील्डेड कनेक्टर पाठवून द्या." शील्डेड म्हणजे गोंगाट अडवणारं धातूचं कवच असलेला. असा कनेक्टर आम्ही पाठवतोच, आमचा धंदाच तो आहे. पण चुकीच्या पद्धतीने बसवलेला महाग कनेक्टर साध्या कनेक्टरइतकाच निरुपयोगी ठरतो. ते पैसे वाया गेलेले आम्हाला बघवत नाहीत, म्हणून हे पत्रक.

केबलच का त्रास देते?

बोर्डावरचा ट्रॅक, म्हणजे तांब्याची पट्टी, चार-पाच सेंटीमीटरचा असतो. ५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६ मीटर, त्यामुळे एवढ्याशा ट्रॅकमधून फारसं काही बाहेर पडत नाही. दीड मीटरची केबल मात्र त्या लहरीच्या बरोबर पाव हिस्सा भरते, म्हणजे चांगला अँटेनाच. सिग्नल एका तारेने गेला आणि शेजारच्या तारेने परत आला तर दोघांचा परिणाम एकमेकांत विरून जातो. पण बोर्डाचं ग्राउंड स्वतःच थोडं थरथरत असेल, तर केबलमधल्या सगळ्या तारा एकदमच एका दिशेने ढकलल्या जातात. यालाच कॉमन मोड करंट म्हणतात, आणि खरा चोर हाच.

हा करंट किती लहान असू शकतो ते बघा. घरगुती उपकरणांसाठी अमेरिकेच्या एफसीसीची (रेडिओ लहरींचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची) गोंगाटाची मर्यादा ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ३ मीटर अंतरावर, मीटरला १०० मायक्रोव्होल्ट इतकी आहे. एक मीटर केबलमध्ये ५० मेगाहर्ट्झचा फक्त ५ मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट वाहिला तरी ही मर्यादा गाठली जाते. पॅनलवरचा साधा इंडिकेटर एलईडीसुद्धा याच्या हजारपट करंट घेतो.

शील्डचं काम या करंटला पेटीच्या पत्र्यावरूनच माघारी धाडण्याचं. त्याला वाट मिळाली नाही तर शील्ड नुसतं पत्र्याचं टोपण उरतं.

शेवटचा एक इंच

आमच्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच येऊन थांबतात. केबलची जाळी (तारांभोवतीचं विणलेलं धातूचं शील्ड) सोलायची, पिळून तिची शेपटी करायची, तिला तार जोडायची आणि ती तार कनेक्टरच्या एका पिनला सोल्डर करायची, ही सवय सगळीकडे आहे. हिला पिगटेल म्हणतात. आम्हीही बरीच वर्षं ड्रॉइंगमध्ये दिसेल तसं निमूटपणे करून देत होतो. आता करण्याआधी विचारतो.

हिशेब सोपा आहे. सरळ तारेचा इंडक्टन्स, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या करंटला अडवण्याचा गुण, ढोबळमानाने मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. २५ मिलिमीटरच्या शेपटीचा २५ नॅनोहेन्री. १०० मेगाहर्ट्झला ती सुमारे १६ ओहमचा अडथळा होते, १ गिगाहर्ट्झला दीडशे ओहमच्या वर जाते. मल्टिमीटर लावला तर मात्र शून्य ओहम आणि खणखणीत बीप, कारण तो डीसीवर मोजतो. बीप आला म्हणजे शील्ड जोडलं गेलं, यावर कृपया विश्वास ठेवू नका.

जाळी कनेक्टरच्या धातूच्या हूडला (केबलकडच्या टोपीला) सगळीकडून, पूर्ण गोलाकार भिडली पाहिजे. क्रिंप रिंगने किंवा क्लॅम्पने. हूड समोरच्या, पेटीवरच्या कनेक्टरच्या शेलला (धातूच्या कवचाला) भिडला पाहिजे. डी-सबच्या (इंग्रजी डीच्या आकाराच्या कनेक्टरच्या) शेलवरचे उंचवटे आणि शील्डेड आरजे-४५ (इथरनेटच्या कनेक्टर) मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या त्यासाठीच असतात. सॉकेट घट्ट जातं म्हणून त्या वाकवणारे फिटर आम्ही पाहिले आहेत. आणि शेल पेटीच्या उघड्या धातूला भिडला पाहिजे.

उघड्या धातूला, हे मुद्दाम लिहिलं आहे. एका मशीन बनवणाऱ्या ग्राहकाने दोनदा कनेक्टर बदलले, केबल बदलली, तरी एनकोडर बिघडतच होता. जाऊन पाहिलं तर पॅनलला सुंदर पावडर कोटिंग, आणि कनेक्टरची फ्लँज (पेटीवर टेकणारी कड) त्या कोटिंगवर बसलेली. फ्लँजखालचा रंग खरवडला आणि त्याच संध्याकाळी मशीन नीट चाललं. ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियमही असंच फसवतं : दिसतं धातू, वागतं इन्सुलेटरसारखं. कोटिंगला देतानाच कटआउटभोवती मास्किंग करून घ्या.

पत्रा जाड नको, फट लहान हवी

"जाड शेल आहे का?" हा प्रश्न वारंवार येतो. १०० मेगाहर्ट्झचा करंट तांब्याच्या वरच्या सात मायक्रॉनच्या आसपासच्या थरातच वाहतो, त्यामुळे पातळ शेलही पुरतो. गळती फटीतून होते, आणि तिची रुंदी नव्हे, लांबी मोजायची. कागदही जेमतेम जाईल अशी १५ मिलिमीटर लांबीची फट १ गिगाहर्ट्झला साधारण २० डेसिबलच अडवते, म्हणजे गोंगाट दहापटच कमी करते. म्हणून शेलला जास्त ठिकाणी टेकू द्या.

वेग वाढला की हे किती महत्त्वाचं होतं याचं उदाहरण यूएसबी ३.० चं. सेकंदाला ५ गिगाबिटच्या त्या सिग्नलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि जवळचा वायरलेस माउस अडखळतो. इंटेलने २०१२ साली हे मोजून प्रसिद्ध केलं. सुचवलेल्या उपायांत कनेक्टरचं शील्डिंग होतंच.

बोर्डावर काय करायचं

शेलचे सगळे पाय सोल्डर करा आणि प्रत्येकाजवळ व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी धातूची भोकं) द्या. शेलचा करंट बोर्डाच्या मधोमध फिरवू नका, कनेक्टरच्या कडेलाच चेसिसला, म्हणजे पेटीच्या धातूला, उतरवा. पिना वाटताना वेगवान सिग्नलशेजारी ग्राउंडची पिन ठेवा. दहा सिग्नलला एक ग्राउंड ही काटकसर महागात पडते. शील्ड एका टोकाला जोडायचं की दोन्ही? थर्मोकपलसारख्या (तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) मंद, नाजूक सिग्नलला एकच टोक चालतं, त्याने विजेच्या लाइनचा ५० हर्ट्झचा हम टळतो. ड्राइव्ह, एनकोडर, इथरनेट असेल तर दोन्ही टोकं.

पुश बटण, लिमिट स्विच, रिले यांच्या तारांना शील्डेड कनेक्टर बहुतेक वेळा लागतच नाही. बोर्डावर कनेक्टरच्या अगदी जवळ एक लहान कपॅसिटर किंवा केबलवर फेराइट (गोंगाट शोषणारं चुंबकीय कडं) पुरतो, आणि तो कितीतरी स्वस्त पडतो. आधी ते करून बघा.

ऑर्डरसोबत आम्हाला सिग्नलचा वेग, केबलची लांबी, पेटीचा धातू आणि त्यावरचं कोटिंग कळवा. कोणती टेस्ट द्यायची आहे तेही लिहा : सीआयएसपीआर ही गोंगाटाच्या मर्यादांची आंतरराष्ट्रीय मानकं, त्यांतलं कारखान्यातल्या उपकरणाला सहसा सीआयएसपीआर ११ लागतं, गाडीत बसणाऱ्या युनिटला सीआयएसपीआर २५. आणि कनेक्टर बसतो त्या जागेचा पेटीच्या आतून काढलेला एक फोटो पाठवा. रंग कुठे आहे ते त्यात दिसलं पाहिजे.