गड्याचा रोज, बाईचा रोज: कोकणातल्या तफावतीची पार्श्वभूमी

कोकणात मजुरीचा विषय ‘गडी मिळत नाहीत’ इथे सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. कुणाला किती रोज आणि का, हे सहसा कुणी विचारत नाही. गड्याचा दर वेगळा, बाईचा त्याहून कमी, हे गावाने धरूनच ठेवलेले असते.

जुन्या काळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. खोतीत, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या अमलात, कुळांना त्याच्याकडे वेठीला, बिनपैशाच्या कामाला, जावे लागे, म्हणजे दर ठरवण्याचा प्रश्नच नव्हता. १९४९च्या कायद्याने खोती गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून रत्नागिरीची माणसे गिरणगावात पोचली होती, पण जात काही बंदरावर उतरून राहिली नाही. गिरण्यांत बरे पैसे मिळत ते विणकाम खात्यात. तिथे धाग्याची कांडी बदलली की धोट्यातून, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या भागातून, धागा तोंडाने ओढावा लागे. दलिताच्या तोंडचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, म्हणून बरोबरच्या कामगारांनीच दलितांना त्या खात्याबाहेर ठेवले. १९२८च्या संपात हा प्रश्न उघडपणे मांडला गेला. इथे कौशल्याचा संबंध नव्हता. चांगल्या पगाराचे कौशल्य शिकण्याची जागाच बंद होती.

सारखे काम कशाला म्हणायचे, या आजच्या वादाचे मूळ मात्र १९७५–७६ मध्ये आहे. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात आधी अध्यादेश निघाला आणि पुढच्या वर्षी समान वेतन कायदा आला. ‘सारखे किंवा सारख्या स्वरूपाचे काम’ असेल तर स्त्री-पुरुषांना सारखे वेतन, असे त्यात म्हटले. सारखे कशावरून? तर लागणारे कौशल्य, श्रम आणि जबाबदारी सारखी हवी आणि कामाची परिस्थितीही तशीच हवी. कार्यालयात हे मोजता येते. मुंबईतल्या एका जहाज कंपनीच्या स्त्री लघुलेखिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८७ साली तिच्या बाजूने निकाल लागला. कंपनीला परवडत नाही ही सबब चालणार नाही, हेही तेव्हाच स्पष्ट झाले.

पण भातशेतीत कामे मुळातच वाटलेली. नांगरणी, चिखलणी गड्यांची. तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढणे आणि लावणी बायकांची. बाईने नांगर धरायचा नाही ही रूढी, आणि लावणीला वाकणारे गडी थोडेच. मग तुलना करायची कुणाशी? पाठीवर इरले, डाव्या हातात रोपांची मूठ. उजव्या हाताने दोन-तीन काड्या सोडवून अंगठ्याने चिखलात दाबायच्या आणि दिवसभर वाकून मागे मागे सरकत जायचे. रोप खोल गेले तर फुटवे कमी येतात, वर राहिले तर तरंगते. हे ‘हलके काम’ कोणत्या मापाने ठरले, ते कायद्याने विचारलेच नाही. रूढीने कामे वेगळी केली, आणि कामे वेगळी म्हणून वेगळा दर कायद्यात बसला. पुढे पॉवर टिलर आला तेव्हा गड्याच्या कामाला यंत्राचा मान मिळाला. बहुतेक लावणी हातानेच राहिली.

रोजगार हमीचा कायदा १९७९च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. तिथे काम मापून पैसे आणि स्त्री-पुरुषांना दर एकच. म्हणजे एकच दर लावणे अशक्य कधीच नव्हते.

कामात त्रास किंवा धोका जास्त, तर पैसे जास्त, असे अर्थशास्त्र सांगते. होडीवर ते बऱ्यापैकी पटते. डिझेल, बर्फ, रेशन वजा जाऊन वाटे पडतात आणि तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, वाटा खलाशापेक्षा मोठा असतो, कारण जाळे कुठे टाकायचे ही जबाबदारी त्याची. नारळावर चढणारा पाडेलीही झाडामागे आपला दर सांगतो, कारण चढणारे कमी उरलेत. पण तीच मासळी किनाऱ्यावर आली की हिशेब उलटतो. बर्फाळ कोळंबी सोलून बायकांची बोटे बधिर होतात, काजूगराच्या कामात टरफलाच्या तेलाने कातडी सोलवटते, आणि तरीही मोबदला किलोवर. त्रासाचे पैसे मागायला दुसरीकडे जाण्याची सोय लागते. घर, पोरे आणि पाणी सांभाळून मिळेल तेच काम ज्यांना घ्यायचे आहे, त्यांना ती सोय नाही.

१९९०च्या फळबाग योजनेनंतर आंबा-काजूच्या बागा वाढल्या, आणि पुढे रत्नागिरी-देवगडकडे राखणीला नेपाळी माणसे आली. ती बागेतच राहतात, रात्रीही जागी असतात. गावचा गडी एवढ्या पैशात रात्रीची राखण करणार नाही, हे बागायतदारही मान्य करतात. तरी पुन्हा तक्रार तीच, मजूर महाग झाले!

२०१९च्या वेतन संहितेने समान वेतन कायदा आपल्यात सामावून घेतला. सारख्या कामाच्या व्याख्येत आता ‘अनुभव’ हा शब्द वाढला आहे. तो घातल्याने बायकांचे भले होईल असे म्हणतात. मला तशी खात्री वाटत नाही. तीस पावसाळे लावणी केलेल्या बाईचा अनुभव कोणत्याही हजेरीपटावर नाही, कारण लावणीला हजेरीपटच नसतो.